११२ मॅच हरलेल्या टीमचा एकमेव हिरो विकणारा माणूस : ब्रँच रिकी

साल १९५२. अमेरिकेतलं पिट्सबर्ग, म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचं शहर. तिथल्या बेसबॉल टीमचं नाव पायरेट्स. त्या काळी एका सीझनमध्ये प्रत्येक टीम १५४ मॅच खेळायची. पायरेट्सनं त्यातल्या ११२ हरल्या आणि फक्त ४२ जिंकल्या.

अशा टीमच्या मॅचला कुत्रंसुद्धा फिरकायला नको. तरी लोक यायचे. कारण होतं राल्फ कायनर. बेसबॉलमध्ये बॉल थेट मैदानाबाहेर मारला की होम रन, आपल्या सिक्ससारखं. कायनर सलग सात वर्षं नॅशनल लीगमध्ये होम रनच्या यादीत पहिला होता, कधी एकटा तर कधी बरोबरीत. १९५२ च्या त्या भिकार सीझनमध्येही त्यानं ३७ मारले. लोक फक्त त्याला बघायला यायचे आणि त्याची शेवटची बॅटिंग झाली की सरळ घरी जायला निघायचे.

४ जून १९५३ ला पायरेट्सनं हा माणूस विकून टाकला. कायनर आणि आणखी तिघे शिकागो कब्सला दिले, बदल्यात सहा खेळाडू आणि वर रोख रक्कम घेतली. त्या सहांतलं एकही नाव कायनरच्या जवळपास जाणारं नव्हतं.

पिट्सबर्ग पेटलं. शिव्या खाणारा माणूस होता टीमचा जनरल मॅनेजर ब्रँच रिकी. वय ७१, तोंडात सिगार, डोळ्यांवर जाड भुवया आणि बोलायला लागला की चर्चमधला पाद्री वाटावा असा. वर तो खेळाडूंना पैसे देताना हात आखडतो ही ख्याती.

आयपीएलमुळं ट्रेड हा शब्द आपल्याला नवीन नाही. हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत आला तेव्हा सोशल मीडियावर काय राडा झाला ते सगळ्यांनी बघितलंय. पण आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. रिकीच्या काळात बेसबॉलमध्ये तसं काही नव्हतं. एकदा करारावर सही केली की खेळाडू त्या टीमच्या मालकीचा. टीमनं सोडलं किंवा विकलं तरच सुटका. विकलं तर बॅग उचलायची आणि दुसऱ्या शहराची ट्रेन पकडायची, नाहीतर खेळच सोडायचा.

या बाजारात रिकीइतका मुरलेला व्यापारी दुसरा झाला नाही. त्यानं हरणाऱ्या टीम उभ्या केल्या, त्या कशा ते समजून घ्यायचं तर त्याचं आयुष्य बघावं लागतं.

रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१ चा, ओहायो राज्यातल्या खेड्यातला. शेतकऱ्याचं पोरगं, घरात कडक मेथडिस्ट वातावरण. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळणार नाही असा शब्द त्यानं आईला दिला आणि तो आयुष्यभर पाळला. पुढं तो टीम चालवायला लागला तेव्हाही रविवारी मैदानात पाय ठेवायचा नाही. रविवारच्या तिकीटविक्रीचे पैसे मात्र टीमला चालायचे, आणि यावरून पत्रकारांनी त्याला आयुष्यभर छळलं.

ओहायो वेस्लेयन विद्यापीठात तो शिकला आणि तिथंच बेसबॉल टीमचा कोच झाला. टीममध्ये चार्ल्स थॉमस नावाचा एक काळा खेळाडू होता. साऊथ बेंड गावात मॅचसाठी गेले असताना हॉटेलवाल्यानं थॉमसला खोली नाकारली. रिकीनं भांडून त्याला स्वतःच्या खोलीत घेतलं. त्या रात्री थॉमस रडत रडत आपल्या हाताची कातडी ओरबाडत होता, ही आठवण रिकी म्हातारपणापर्यंत सांगायचा.

खेळाडू म्हणून तो स्वतः यथातथाच. तो कॅचर होता, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या जागी बसणारा. पळणाऱ्या बॅटरला बॉल फेकून अडवायचं हे कॅचरचं काम. २८ जून १९०७ ला रिकीचा खांदा दुखत होता आणि समोरची टीम त्याच्या डोळ्यांदेखत १३ बेस चोरून गेली. एका मॅचमध्ये एकाच कॅचरसमोर इतके बेस चोरले जाण्याचा आधुनिक काळातला विक्रम त्याच्याच खात्यावर लागला. थोड्याच दिवसांत त्याचं खेळाडू म्हणून करिअर संपलं. मग क्षयरोग झाला, त्यातून उठला, मिशिगन विद्यापीठातून १९११ मध्ये कायद्याची डिग्री घेतली, आयडाहोतल्या बॉयझी गावात वकिली करून बघितली. तीही चालली नाही. शेवटी गाडी पुन्हा बेसबॉलकडं वळली, पण आता मैदानाबाहेरच्या खुर्चीत.

१९१७ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या टीमनं त्याला बोलावलं. टीम कंगाल होती. ऑफिसात बडे लोक येणार म्हणून रिकीनं घरचा गालिचा आणून अंथरला होता, यावरून परिस्थिती कळावी. चांगला पोरगा एखाद्या छोट्या गावातल्या टीममध्ये दिसला आणि रिकीनं चौकशी केली, की न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या टीमचा माणूस तिथं दुप्पट बोली घेऊन हजर. रिकीचा डोळा पारखी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्याचा फुकट वापर चालू होता.

इथं शेतकऱ्याच्या डोक्यानं काम केलं. बाजारात महाग रोप विकत घ्यायची ऐपत नसेल तर नर्सरी आपलीच टाकायची.

१९२० मध्ये कार्डिनल्सनं जुनं लाकडी मैदान विकलं आणि दुसऱ्या टीमच्या स्टेडियममध्ये भाड्यानं राहायला गेले. जागेचे आले २,७५,००० डॉलर. त्यातून रिकीनं छोट्या गावांतल्या टीम विकत घ्यायला सुरुवात केली. फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिराक्यूस. पोरं स्वस्तात उचलायची, खालच्या टीममध्ये टाकायची, तिथं तयार झाली की वरच्या, मग त्याच्या वरच्या आणि शेवटी सेंट लुईसला. याला नावच पडलं फार्म सिस्टिम. आज अमेरिकेतली प्रत्येक मोठी बेसबॉल टीम याच पद्धतीनं चालते.

फार्ममुळं ट्रेडचा हिशोबच पालटला. ज्याच्या गोदामात माल आहे त्याला विकायची भीती नसते. रिकीचा नियम ठरलेला होता, की खेळाडू उतरणीला लागायच्या एक वर्ष आधी विकायचा, एक वर्ष नंतर नाही. लोकांना तो टॉपला दिसत असतो तेव्हाच त्याला भाव मिळतो. आणि त्याच्या जागेवर खेळायला खालून कुणीतरी तयार असतोच.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण डिझी डीनचं. १९३४ मध्ये या पिचरनं एका सीझनमध्ये ३० मॅच जिंकून दिल्या होत्या. कार्डिनल्सनं त्या वर्षी वर्ल्ड सिरीज मारली. १९३७ च्या ऑल स्टार मॅचमध्ये एक फटका त्याच्या पायावर बसला, अंगठा मोडला. दुखरा पाय सांभाळत तो लवकर परत आला, बॉल टाकायची पद्धत बदलली आणि त्यात हात गेला. एप्रिल १९३८ मध्ये रिकीनं २८ वर्षांच्या डीनला शिकागो कब्सला दिलं आणि तीन खेळाडूंवर १,८५,००० डॉलर घेतले. डीननं तिथं पहिल्या वर्षी सात मॅच जिंकल्या, पुढची तीन-चार वर्षं धरून एकूण १६. नंतर विषय संपला.

जो मेडविक आणि जॉनी माईझ हे दोन तगडे बॅटरही असेच विकले. ते गेल्यावर, १९४२ मध्ये, जवळपास सगळी घरच्या फार्मवर तयार झालेली पोरं घेऊन कार्डिनल्सनं १०६ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यँकीजला ४-१ नं लोळवलं. रिकीच्या काळातलं हे चौथं वर्ल्ड सिरीज विजेतेपद.

आता याची दुसरी बाजू. खेळाडू विकला की त्या पैशातला हिस्सा रिकीच्या खिशात जायचा, तसा त्याचा करारच होता. म्हणजे कधी विकायचं हे ठरवणारा आणि विकल्यावर कमावणारा माणूस एकच. दुसरीकडं फार्मवर शेकडो पोरं तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं वाट बघत बसलेली. वरची जागा भरलेली असेल तर दुसऱ्या टीमकडं जायची सोय नाही. बेसबॉलचा कमिशनर लँडिस या प्रकारावर खवळून होता. १९३८ मध्ये त्यानं कार्डिनल्सच्या फार्मवरचे ७० हून जास्त खेळाडू एका फटक्यात मोकळे केले. रिकीचं कौतुक करताना ही पोरं बहुतेक वेळा विसरली जातात.

१९४२ च्या शेवटी कार्डिनल्सच्या मालकाशी फाटलं आणि रिकी ब्रुकलिन डॉजर्सला गेला. इथली कथा जगाला माहीत आहे. २०१३ च्या ४२ नावाच्या सिनेमात हॅरिसन फोर्डनं रिकीचाच रोल केलाय. तेव्हा मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना अघोषित बंदी होती, ते त्यांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळायचे. रिकीचा स्काऊट क्लाईड सुकफोर्थ कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या जॅकी रॉबिन्सनला घेऊन २८ ऑगस्ट १९४५ ला ब्रुकलिनच्या ऑफिसात आला. रिकीनं तीन तास त्याची परीक्षा घेतली. गोरे लोक काय काय शिव्या देतील, हॉटेलात कसं हाकलतील, हे स्वतः नट असल्यासारखं करून दाखवलं आणि काही वर्षं उलट हात न उचलण्याचा शब्द घेतला. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला.

रिकीनं हे धर्मबुद्धीनं केलं की धंद्यासाठी, यावर अमेरिकेत अजून भांडणं होतात. दोन्ही खरं असायला हरकत नाही. चार्ल्स थॉमसची रात्रही खरी आणि बाजारात कुणीच हात लावत नाही असा उत्तम माल पडून आहे हेही खरं. मोनार्क्स टीमला रॉबिन्सनच्या बदल्यात रिकीनं एक डॉलरही दिला नाही, त्यांचे करार कायदेशीर नाहीत असं म्हणून हात वर केले. गोऱ्या टीमचा खेळाडू घेतला असता तर मोजून पैसे द्यावे लागले असते. रॉबिन्सनपाठोपाठ एकेक स्टार निघून गेले आणि निग्रो लीग कोसळत गेल्या.

या प्रकरणात ट्रेडही रिकीच्या कामी आले. रॉबिन्सनबरोबर खेळायला तयार नसलेले काही दक्षिणेकडचे गोरे खेळाडू डॉजर्समध्ये होते. त्यातला पिचर कर्बी हिग्बी मे १९४७ मध्ये पायरेट्सला पाठवला. डिक्सी वॉकर हा ब्रुकलिनच्या लोकांचा लाडका, पण त्यानंही आपल्याला ट्रेड करा असं लिहून दिलं होतं. रिकीनं घाई केली नाही. सीझनभर त्याच्याकडून रन काढून घेतले आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यालाही दोन पिचरसोबत पायरेट्सला देऊन टाकलं. बदल्यात आला प्रीचर रो नावाचा पिचर आणि बिली कॉक्स. वॉकर दोन वर्षांत रिटायर झाला. रोनं डॉजर्सकडून ९३ मॅच जिंकल्या आणि ३७ हरल्या.

थोडक्यात, पायरेट्सना सगळ्यात जास्त गंडवणारा माणूस रिकीच होता. आणि १९५० मध्ये, भागीदार वॉल्टर ओमॅलीसोबतच्या सत्तासंघर्षात हरल्यावर, डॉजर्समधला आपला हिस्सा दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला विकून तो कुठं गेला? त्याच पायरेट्सकडं!

पायरेट्स तेव्हा शेवटच्या नंबरावर होते. रिकीनं पाच वर्षांची योजना मांडली, जुनंच तंत्र वापरायचं ठरवलं. पण इथं गणित अडलं. सेंट लुईस आणि ब्रुकलिनमध्ये तो स्टार विकायचा तेव्हा मागं भरलेलं गोदाम होतं. इथं गोदाम रिकामं. म्हणून त्यानं पोरं गोळा केली, शेकड्यांनी. हायस्कूलमधली, कॉलेजमधली, बास्केटबॉल खेळणारीसुद्धा. कच्ची पोरं थेट मेजर लीगमध्ये उतरवली. त्यातली बरी निघाली त्यांतले काही कोरियन युद्धामुळं सैन्यात गेले. १९५२ चे ते ११२ पराभव याच प्रयोगाचे. पायरेट्स त्या वर्षी पहिल्या नंबरपासून साडेचोपन्न मॅच मागं होते, आणि पहिल्या नंबरवर होते डॉजर्स, म्हणजे रिकीनंच बांधलेली टीम.

कायनरचा विषय इथं येतो. रिकीचा हिशोब सरळ होता, टीम कायनर असताना शेवटची येते आणि तो नसतानाही शेवटचीच येईल. मग सगळ्यात मोठा पगार त्याला कशाला? त्यानं मालकाला कायनर विकण्यासाठी लांबलचक पत्रं लिहिली, आधी पगार कापला आणि मग विकला. कायनर पाठदुखीनं १९५५ नंतर रिटायर झाला, म्हणजे वेळेआधी विकायचा रिकीचा अंदाज पुन्हा बरोबर आला.

पण बदल्यात मिळालेल्या सहांपैकी कुणीच पायरेट्सचं नशीब बदललं नाही. नंतर तो टीमचे इतरही चांगले खेळाडू असेच देत गेला, एकाच्या बदल्यात पाच-सहा आणि वर पैसे. हा संख्येचा खेळ होता, दर्जाचा नव्हता. ज्याला तातडीनं विकायचंय हे समोरच्याला कळतं त्याला बाजारात भाव मिळत नाही, मग तो रिकी का असेना. स्टेडियम ओस पडलं. १९५२ पासून १९५५ पर्यंत चारही वर्षं टीम शेवटची आली.

या काळात त्याचं डोकं मात्र थांबलं नव्हतं. ब्रुकलिनमध्येच त्यानं ॲलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ नोकरीवर ठेवला होता, मनीबॉल सिनेमा यायच्या साठहून जास्त वर्षं आधी. बॅटर किती वेळा आऊट न होता बेसवर पोचतो हे त्याच्या सरासरीपेक्षा महत्त्वाचं आहे, हे त्यानं १९५४ मध्ये लाईफ मासिकात सूत्र मांडून लिहिलं. पायरेट्सच्या खेळाडूंना त्यानं डोक्यावर हेल्मेट घालायला लावलं, लोक हसले. हेल्मेट बनवणाऱ्या कंपनीत रिकीचा पैसा होता हे वेगळं सांगायला नको.

आणि मग १९५४ चा नोव्हेंबर. नियम असा होता, की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस देऊन घेतलेला नवा खेळाडू मुख्य टीममध्ये ठेवला नाही तर सीझन संपल्यावर दुसरी टीम त्याला ड्राफ्टमध्ये उचलू शकते. डॉजर्सनी पोर्तो रिकोच्या एका पोराला १०,००० डॉलर बोनस दिला होता आणि त्याला माँट्रियलच्या फार्म टीममध्ये ठेवलं होतं. खेळायला फार देत नव्हते, कुणाच्या नजरेत यायला नको म्हणून, असं अनेकांचं म्हणणं. पण पायरेट्सचा स्काऊट वेगळ्याच एका पिचरला बघायला गेला आणि सरावात या पोराचा थ्रो बघून थक्क झाला. हा स्काऊट म्हणजे क्लाईड सुकफोर्थ, रॉबिन्सनला रिकीकडं आणणारा, आता रिकीच्या मागोमाग पिट्सबर्गला आलेला. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर सगळ्यात वाईट टीमचा. इतके दिवस शेवटचे आल्याचा पायरेट्सना पहिल्यांदा फायदा झाला. ४,००० डॉलरमध्ये त्यांनी रॉबर्टो क्लेमेंटे घेतला. पुढं त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट लागले.

रिकीनं स्वतः बांधलेल्या फार्मवरून स्वतःच चोरी केली, असंही म्हणता येईल.

क्लेमेंटे मोठा झालेला बघायला रिकी खुर्चीत नव्हता. १९५५ च्या शेवटी तो बाजूला झाला आणि जो ब्राऊन जनरल मॅनेजर झाला. ब्राऊनच्या हातात पहिल्यांदा भरत आलेलं गोदाम होतं, आणि त्यानं ते नीट वापरलं. १९५२ च्या त्या बदनाम टीममधला १९ वर्षांचा बॉबी डेल ग्रेको आता थोडा अनुभवी झाला होता. त्याला आणि एका पिचरला देऊन ब्राऊननं १९५६ मध्ये बिल व्हर्डन आणला. कायनर गेल्यावर त्याच्या जागी होम रन मारणारा फ्रँक थॉमस, पिट्सबर्गचाच पोरगा. १९५८ मध्ये ३५ होम रन मारून तो टॉपला होता. जानेवारी १९५९ मध्ये ब्राऊननं त्याला आणि आणखी तिघांना सिनसिनाटीला देऊन हार्वी हॅडिक्स, स्मोकी बर्जेस आणि डॉन होक असे तीन खांब उचलले. रिकीला कायनरच्या बाबतीत जे जमलं नाही ते ब्राऊननं थॉमसच्या बाबतीत करून दाखवलं. फरक एवढाच, की विकायची घाई नव्हती आणि घेताना संख्या नाही, माणसं मोजली.

१९६० मध्ये पायरेट्स वर्ल्ड सिरीजला पोचले. समोर यँकीज. सात मॅचमध्ये यँकीजनी ५५ रन केले, पायरेट्सनी २७. तरी मॅच झाल्या ३-३. १३ ऑक्टोबरच्या शेवटच्या मॅचमध्ये शेवटच्या डावात बिल मॅझेरॉस्कीनं होम रन मारला आणि पायरेट्स १०-९ नं जिंकले. मॅझेरॉस्की रिकीच्या काळात, १९५४ मध्ये, १७ व्या वर्षी घेतलेला. त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू डिक ग्रोट, रिकीनं १९५२ मध्ये कॉलेजातून आणलेला. एल्रॉय फेस हा पिचर डॉजर्सच्या फार्मवरून ड्राफ्टमध्ये उचललेला. क्लेमेंटेनं सातही मॅचमध्ये हिट मारले. आणि ती शेवटची मॅच खात्यावर लागलेला पिचर होता ट्रेडमधून आलेला हॅडिक्स.

पिट्सबर्ग त्या रात्री झोपलं नाही. रिकी तेव्हा ७८ वर्षांचा होता आणि कॉन्टिनेंटल लीग नावाची तिसरी मेजर लीग काढायच्या प्रयत्नात नुकताच अपयशी ठरला होता. त्या धाकानं जुन्या लीगनी नव्या टीम मात्र वाढवल्या, न्यूयॉर्क मेट्स त्यातलीच. नंतर दोन वर्षं तो सल्लागार म्हणून पुन्हा सेंट लुईसला राहिला.

१३ नोव्हेंबर १९६५ ला मिसुरीतल्या कोलंबिया गावात त्याचा सत्कार होता. तब्येत बरी नव्हती, डॉक्टरांचा विरोध होता, तरी तो हॉस्पिटलमधून उठून गेला. भाषण करता करता स्टेजवरच कोसळला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. ९ डिसेंबरला, ८४ वा वाढदिवस अकरा दिवसांवर असताना, त्याचा मृत्यू झाला. १९६७ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.